तमाखू व तद्विषयक लोकदृष्टि

तमाखू आमच्या देशांत प्राचीन काळापासून आहे असें प्रतिपादणारे गृहस्थ आम्हांस वारंवार भेटतात. त्यांचीं प्रमाणें बहुधा दोन असतात. पहिलें, आयुर्वेदाच्या संहितांत धूमपानाचा विधि सांगितला आहे. दुसरें, पुराणांत तमाखूचा निषेध केलेला आहे. जें नव्हतेंच त्याचा निषेध पुराणकार कशाला करतील, असा त्यांचा बिनतोड वाटणारा प्रश्न असतो. हे दोन्ही आधार लंगडे आहेत हें पुढें दिसेलच. तथापि ही वनस्पति येथें केव्हां आली हें ठरविणें हा प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतु नव्हे. त्या कामीं पूर्वसूरींनीं पुष्कळ श्रम केले आहेत; भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर कै. परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनीं संस्कृत व इतर साधनांतील तमाखूचे उल्लेख ज्या चिकाटीनें गोळा केले, तिला तोड नाहीं. आम्हांस पाहावयाचें आहे तें निराळें. बाहेरून आलेल्या या पानाविषयीं आमच्या लोकांस काय वाटत आलें, आणि एकच वस्तु एका रूपानें निंद्य व दुसऱ्या रूपानें शिष्टसंमत कशी झाली, एवढाच येथें विचार आहे.

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाहीं. सन २०१६–१७ मध्यें झालेल्या देशव्यापी पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा ३·८ लोक तमाखू ओढणारे आढळले. बिनधुराची, म्हणजे खाण्याची, लावण्याची अथवा हुंगण्याची तमाखू वापरणारे मात्र शेंकडा २४·४ निघाले. अखिल भारताचे आंकडे अनुक्रमें १०·७ व २१·४ असे आहेत. म्हणजे धुराचा तिटकारा आमच्या प्रांतांत इतरांहून पुष्कळ अधिक, आणि पानाची आवड मात्र इतरांहून कांहींशी जास्तच. ही विषमता एका पिढींत उत्पन्न झालेली नव्हे. तिचीं मुळें शोधावयाचीं तर तीनचारशें वर्षें मागें गेलें पाहिजे.

प्रथम वैद्यकाचा आधार घेऊं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत पांचव्या अध्यायीं धूमपान सांगितलें आहे यांत संशय नाहीं. परंतु तेथील वर्ति कशाची, हें पाहण्याची तसदी वर उल्लेखिलेले गृहस्थ घेत नाहींत. हरेणुका, प्रियंगु, चंदन, अगरु, गुग्गुळ इत्यादि सुगंधी द्रव्यें वाटून त्यांची आठ अंगुळें लांब, आंगठ्याएवढी जाड व जवाप्रमाणें मध्यें फुगीर अशी वर्ति करावयाची. ती वाळवून, तूप लावून, नळींत घालून ओढावयाची. नळीची लांबी विरेचनार्थ धूमास चोवीस अंगुळें, स्नैहिकास बत्तीस व नित्याच्या प्रायोगिकास छत्तीस. स्नान, भोजन, दंतधावन, नस्य, अंजन, निद्रा इत्यादींनंतरच्या आठ वेळा नेमलेल्या. मुखानें घेतलेला धूर नाकावाटे सोडूं नये, कारण उलट मार्गानें गेलेला धूर नेत्रांस अपाय करितो, असाहि दंडक आहे. गर्भिणीस तो वर्ज्य आहे. आणि अकालीं अथवा अतिमात्र ओढल्यास बहिरेपणा, अंधत्व, रक्तपित्त, भ्रम हे उपद्रव होतात असें संहिताकारानें बजाविलें आहे. सुश्रुतानें धूमाचे पांच प्रकार केले आहेत. बाणभट्टाच्या कादंबरींत शूद्रक राजा भोजनोत्तर धूमवर्ति ओढून मग तांबूल घेतो, तीहि हीच. तमाखूचा गंध या सर्वांत कोठेंहि नाहीं, आणि असणें शक्यहि नाहीं. कारण ही वनस्पति मूळची अमेरिका खंडांतील. सन १४९२ मध्यें कोलंबसाचे लोक त्या बाजूच्या बेटांवर उतरले तेव्हां तेथील रहिवासी पानांची गुंडाळी पेटवून धूर घेतांना त्यांस दिसले. तत्पूर्वीं युरोपखंडासहि तिचें नांव ठाऊक नव्हतें.

येथें एक अवांतर गोष्ट नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. संहितांतील शब्द ‘धूमपान’ असा आहे. धूम म्हणजे धूर. धूम्र म्हणजे धुरकट रंगाचा. हल्लीं सरकारी फलकांपासून शाळेच्या क्रमिक पुस्तकांपर्यंत सर्वत्र ‘धूम्रपान’ हा शब्द रूढ झाला आहे, त्याचा व्युत्पत्तीनें अर्थ करूं गेल्यास ‘धुरकट रंगाचें कांहींतरी पिणें’ असा होईल. रूढीपुढें व्याकरणाचें चालत नाहीं हें जाणून आम्हीहि आतां तो शब्द खोडण्याचें सोडून दिलें आहे. मात्र या शब्दसाम्यामुळें एक घोटाळा झाला तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. औषधी धूमाची जुनी प्रतिष्ठा कांहीं अंशीं या नव्या धुरास आयती मिळाली.

आतां पुराणांविषयीं. कलियुगांत ‘तमाल’ भक्षण करणारा नरकास जातो अशा अर्थाचे श्लोक पुराणांच्या नांवावर सांगितले जातात. तमाल हा शब्द संस्कृत वाङ्मयांत अपरिचित नाहीं. काळ्यासांवळ्या छायेचा तो वृक्ष कवींना फार प्रिय. मेघास, अंधारास व श्रीकृष्णाच्या वर्णास त्याची उपमा ठरलेली. असल्या वृक्षाचें पान खाऊन कोणी नरकास कां जावें याचें उत्तर जुन्या काव्यांत सांपडणार नाहीं. परकी ‘तमाखू’स संस्कृतांत बसविण्यासाठीं कोणी ध्वनिसादृश्यानें ‘तमाल’ पुढें केला, आणि मग त्या तमालाचा निषेध पुराणांच्या पदरीं बांधला, हें उघड आहे. श्लोक प्रक्षिप्त म्हणून टाकाऊ असें मात्र कोणी समजूं नये. व्यासांच्या काळाविषयीं ते कांहीं सांगत नसले, तरी ज्यानें ते रचले त्याच्या काळाविषयीं पुष्कळ सांगतात. नव्या व्यसनास आळा घालावयाचा तर जुन्या ऋषीची सही लागते, अशी ज्या समाजाची समजूत, त्या समाजाचें तें चित्र आहे. शिवाय त्यांत निषेध ‘भक्षणा’चाहि आहे, केवळ धुराचा नव्हे, हें विशेष.

पंडितांचें मत मात्र एकमुखी नव्हतें. वैद्यांनीं नव्या पानास ‘धूम्रपत्रिका’, ‘क्षारपत्रा’ अशीं नांवें देऊन आपल्या निघंटूंत जागा करून दिली. योगरत्नाकरासारख्या उत्तरकालीन ग्रंथांत तिचे गुणदोष आले आहेत. आणि सुभाषितकारांनीं तर तिची मौजच केली. एका सुभाषितांत इंद्र ब्रह्मदेवास विचारतो कीं, पृथ्वीतलावर सारभूत काय आहे? ब्रह्मदेव आपल्या चारहि मुखांनीं एकच उत्तर देतो, आणि तें म्हणजे तमाखू. या विनोदाची खरी गंमत छंदांत आहे. ‘तमाखुः’ हा शब्द लघु-गुरु-गुरु असा यगण. चार यगणांचें भुजंगप्रयात वृत्त. म्हणजे चार मुखांतून निघालेल्या चार शब्दांनीं बरोबर एक चरण भरतो, एक मात्रा कमी नाहीं कीं अधिक नाहीं. अध्यापन करीत असतां भुजंगप्रयात समजावून देण्यास याहून सोपें उदाहरण आम्हांस कधीं सुचलें नाहीं, आणि मुलांपुढें तें देण्याचा धीरहि कधीं झाला नाहीं. दुसरें एक सुभाषित याच्या उलट बाजूचें आहे. त्यांत एकच ओळ दोनदां येते. ‘तमाखुपत्र’ हें पद अखंड घेतलें तर तमाखूचें पान. ‘तम्’ व ‘आखुपत्र’ असें तोडलें तर, पत्र म्हणजे वाहन या अर्थीं, उंदीर ज्याचें वाहन तो गणपति. पुढें ‘मा’ हें एकदां निषेधाचें अव्यय, एकदां लक्ष्मी. एका अर्थीं राजास सांगितलें आहे कीं, संपत्ति व ज्ञान देणाऱ्या गणेशाचें भजन कर. दुसऱ्या अर्थीं, अज्ञान देणाऱ्या या पानाचें सेवन करूं नकोस. निषेध आणि स्तुति एकाच ओळींत नांदावीं, हा श्लेषाचा चमत्कार खरा. परंतु त्या काळच्या सुशिक्षितांचें मनहि असेंच दुतोंडी असावें असें आम्हांस वाटतें.

तमाखूच्या बऱ्यावाईटपणाची हिंदुस्थानांतील पहिली तपशीलवार चर्चा जी उपलब्ध आहे, ती एका फारसी लेखकाच्या वृत्तान्तांत आहे, आणि तिचा संबंध दक्षिणेशीं आहे म्हणून तिच्याकडे महाराष्ट्रीय वाचकांचें लक्ष विशेष वेधावयास पाहिजे. असद बेग हा अकबराच्या दरबारचा अधिकारी विजापुरास दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाकडे वकिलीस गेला होता. शहजादा दानियाल याच्याशीं आदिलशाही राजकन्येचा विवाह व्हावयाचा होता, त्या प्रसंगाची ही कामगिरी, काळ इ. स. १६०३–०४. विजापुरास त्यास तमाखू पाहावयास मिळाली. उत्तरेंत असली वस्तु त्यानें पूर्वीं पाहिली नव्हती, म्हणून ती त्यानें बादशहासाठीं बरोबर घेतली. नळी अचीनची, तीन हात लांब, दोन्ही टोकांस जडाव व मिनाकाम; तोंडीं यमनी अकीकाचा लंबगोल तुकडा; विस्तवासाठीं सोन्याचें पात्र. आणि तमाखू कशांत ठेविली? खुद्द आदिलशहानें त्यास भेट दिलेल्या पानाच्या सुरेख बटव्यांत. हा तपशील लेखकानें सहज दिला आहे. परंतु तमाखू दक्षिणेंतून निघाली ती विड्याच्या पानांच्या बटव्यांत बसून निघाली, ही गोष्ट आमच्या पुढील विवेचनास फार उपयोगी पडणारी आहे.

आग्र्यास नजराणे पाहतां पाहतां बादशहाची दृष्टि त्या तबकाकडे गेली. हें काय, असें विचारतां खान-इ-आझम मिर्झा अजीज कोका यानें उत्तर दिलें कीं, ही तमाखू, मक्का-मदिनेंत प्रसिद्ध आहे, आणि ही हुजुरांसाठीं औषध म्हणून आणिली आहे. बादशहानें भरून आणण्यास सांगितलें. हकीम आडवा आला. तरी असद बेगचें मन राखण्यासाठीं दोनतीन झुरके घेऊन बादशहानें नळी खान-इ-आझमच्या हातीं दिली. मग वाद जुंपला. हकिमाचें म्हणणें असें कीं, हें अपरीक्षित द्रव्य आहे, आमच्या ग्रंथकारांनीं याविषयीं कांहीं लिहिलेलें नाहीं, ज्याचे गुण ठाऊक नाहींत तें बादशहास कसें द्यावें? फिरंग्यांचें अनुकरण आम्हांस नको. असद बेगनें प्रत्युत्तर केलें कीं, फिरंगी लोकांतहि शहाणे आहेत. जगांतील प्रत्येक चाल कधींतरी नवीनच होती. आणि वस्तूची पारख तिच्या गुणदोषांवरून व्हावी, ग्रंथांत ती आहे कीं नाहीं यावरून नव्हे. चोपचिनी प्राचीनांस कोठें ठाऊक होती? तरी ती आज अनेक रोगांवर चालते. बादशहा प्रसन्न झाला. इतर देशांतील शहाण्यांनीं स्वीकारलेली वस्तु केवळ आपल्या पोथ्यांत नाहीं म्हणून टाकणें योग्य नव्हे, अशा आशयाचे उद्गार त्यानें काढले. असद बेगनें भरपूर माल आणिला होता. तो अमीर-उमरावांस वांटला गेला, मग ज्यानें त्यानें मागून घेतला, मग व्यापारी विकूं लागले, व चाल पसरली. हकिमाची समजूत शेवटपर्यंत पटली नाहीं. पण तो वैद्य चांगला होता, असें असद बेगच सांगतो. आणि बादशहानें स्वतः ती संवय लावून घेतली नाहीं.

हा प्रसंग आम्ही अनेकदां वाचला आहे, व प्रत्येक वेळीं मनाची द्विधा स्थिति झाली आहे. असद बेगचा युक्तिवाद सर्वस्वी ग्राह्य. ग्रंथप्रामाण्यापुढें मान तुकविणाऱ्यांच्या विरुद्ध याहून नेटका युक्तिवाद आजहि कोणास करितां येणार नाहीं. हकिमाचें कारण लटकें. ‘आमच्या पुस्तकांत नाहीं’ हें कांहीं उत्तर नव्हे. परंतु निर्णय कोणाचा खरा ठरला? हकिमाचा. उत्तम तर्कानें एक घातक वस्तु देशांत आली, आणि दुबळ्या तर्कानें तिला अडविणारा मनुष्य हरला. दोघांपाशीं जें नव्हतें तें एकच, परीक्षेचें साधन. गुणदोष पाहून ठरवावें असें असद बेग म्हणाला खरा, पण दोष दिसावयास तीसचाळीस वर्षें लागतात अशा वस्तूचे गुणदोष दोन झुरक्यांत कसे पाहावयाचे?

त्याच सुमारास, सन १६०४ मध्यें, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें तमाखूच्या निषेधार्थ स्वतः पुस्तिका लिहिली, आणि पौंडास दोन पेन्स असलेली जकात सहा शिलिंग दहा पेन्सांवर नेली. जहांगिरानें सन १६१७ मध्यें बहुतेकांच्या प्रकृतीस अपाय होतो असें कारण देऊन तमाखू बंद केली. इराणच्या शहा अब्बासानेंहि तसाच हुकूम काढला होता. पण जहांगिराचा त्या दरबारचा वकील खान आलम याचें तमाखूवांचून चालेना, तेव्हां शहानें त्याला खास सूट दिली, असें जहांगिरानेंच आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. राजाज्ञांचा परिणाम किती झाला हें सांगावयास नको. बंदी टिकत नाहीं, कर मात्र टिकतो, असाच सर्वत्र अनुभव आला. आमच्या शेजारीं गोव्यांत सतराव्या शतकांत तमाखूच्या विक्रीचा मक्ता लिलावानें दिला जात असे, आणि तो घेणाऱ्यांत हिंदु व्यापारी पुष्कळ असत. ब्राझील देशांतील बाहियाची तमाखू जहाजांनीं तेथें उतरत असे. सन १५१० पर्यंत गोवें आदिलशाहींतच होतें. तेव्हां विजापुरास ही वस्तु आली ती पोर्तुगीजांच्या बंदरांतून, घाटमार्गानें आली असावी, हें अनुमान सहज निघतें.

राजाज्ञेनें जें साधलें नाहीं तें धर्माज्ञेनें एके ठिकाणीं साधलें. खालसा पंथाच्या आचारांत तमाखू वर्ज्य ठरली, आणि तो नियम आजतागायत पाळला जातो. महाराष्ट्रांतील संतांनींहि तमाखूवर टीका केली आहे. तुकोबांच्या गाथेंत तमाखूचा धूर काढणाऱ्यास पापाचा धाक घातलेला अभंग प्रसिद्ध आहे. तुकोबांचें निर्याण इ. स. १६५० च्या सुमाराचें. म्हणजे असद बेगच्या प्रवासानंतर अर्ध्या शतकाच्या आंत हें व्यसन देहूसारख्या गांवापर्यंत पोंचलें होतें, व तें निषेध करण्याइतकें वाढलें होतें. पण येथें निषेध धुराचा आहे, याकडे लक्ष द्यावें.

धूरच निंद्य कां ठरला? आमच्या मतें याचें मुख्य कारण आरोग्याचें नसून उष्ट्याचें आहे. चिलीम एकट्यानें ओढण्याची वस्तु नव्हे. ती हातोहात फिरते. तिच्या टोंकास ओलें फडकें, ज्यास छापी म्हणतात, गुंडाळण्याची चाल आहे. त्यानें धूर निवतो व ओंठ लागत नाहींत असें समाधान मिळतें, तरी सोंवळ्याओंवळ्याच्या दृष्टीनें तें समाधान पुरेसें नाहीं. हुक्क्याची तीच गत. उत्तर हिंदुस्थानांत बहिष्काराला ‘हुक्कापाणी बंद’ म्हणतात तें याचमुळें. ज्याच्या तोंडची नळी आपण तोंडांत घेऊं शकतों तो आपल्या जातीचा. जेथें जात चिलमीवर मोजली जाते तेथें चिलमीपासून दूर राहणें हेंच सोंवळेपण ठरतें. विडीच्या आगमनानंतर हें कारण उरलें नाहीं. पण कारण गेलें तरी तिटकारा राहिला. वडिलांसमोर, गुरूसमोर, सासऱ्यासमोर विडी विझवावी, हा त्याचाच अवशेष.

पानाचें तसें झालें नाहीं. विडा आमच्या येथें पूर्वींपासून देवास, ब्राह्मणास व पाहुण्यास द्यावयाचा. पान, सुपारी, चुना, कात यांच्या पंक्तींत तमाखू मागाहून येऊन बसली, आणि आदिलशहाच्या त्या बटव्याप्रमाणें यजमानाच्या प्रतिष्ठेनें तिलाहि प्रतिष्ठा आली. तपकिरीची वाट आणखी सोपी. ती तोंडास शिवतच नाहीं, म्हणून उष्ट्याचा प्रश्न नाहीं. तपकिरीची डबी शास्त्र्यापंडितांच्या कनवटीस निर्वेधपणें राहिली. बायकांच्या वांट्यास मिसरी आली. तमाखू भाजून, कोळसा करून, वस्त्रगाळ केलेली ती पूड दांतांस लावावयाची. म्हणजे व्यसन नव्हे, दंतधावन! दांत घासण्यास दिवसांतून चारपांच वेळा व अर्धा अर्धा तास लागतो, हें चमत्कारिक आहे असें घरांत कोणास वाटत नाहीं. ज्या घरांत सुनेच्या हातीं विडी दिसली असती तर आकाश कोसळलें असतें, त्याच घरांत सासू-सुना मिसरीचा एक तवा मांडून बसत.

चंचीविषयीं थोडें अधिक लिहिणें प्राप्त आहे. कप्पेदार कापडी चंचींत एका बाजूस तमाखू, दुसरीकडे चुन्याची डबी, सुपारी, अडकित्ता. अनोळखी मनुष्याजवळ पैसा मागणें लाजिरवाणें, भाकरी मागणें त्याहून लाजिरवाणें, पण एस. टी.च्या थांब्यावर, बाजारांत, बांधावर ‘जरा तंबाखू आहे का?’ असें विचारण्यांत कोणासहि संकोच वाटत नाहीं, आणि नाहीं म्हणणारा कोता ठरतो. तळहातावर चुना घालून मळलेली तमाखू दोघांनीं वांटून घ्यावी, मग गांव कोणतें, पाऊस किती, अशा गोष्टी निघाव्या. एकाच्या तळहातावरचें दुसऱ्यानें चिमटीनें उचललें तरी तें उष्टें होत नाहीं. समाजाच्या दृष्टीनें ही वस्तु सख्याची आहे, व्यसनाची नव्हे. आमच्या नोकरीच्या काळांत एका शाळेंत सिगारेट ओढतांना दिसलेल्या तरुण शिक्षकास मुख्याध्यापकांनीं बोलावून समज दिली. समज देतांना त्यांच्या स्वतःच्या गालांत तमाखूचा बार होता. या प्रसंगांत विसंगति आहे असें त्या दोघांसहि, आणि त्या वेळीं शिक्षकांच्या खोलींतील इतर कोणासहि, वाटलें नाहीं.

या वस्तूवर ज्यांचें पोट आहे त्यांची दृष्टि अर्थातच निराळी. सिन्नर, सोलापूर, भंडारा, गोंदिया येथें विड्या वळण्याचा धंदा वाढला तो मुख्यत्वें बायकांच्या बोटांवर. टेंभुर्णीचें पान कापून, जर्दा भरून, दोरा बांधून हजारामागें मजुरी घ्यावयाची. त्यांच्यासाठीं सन १९६६ मध्यें स्वतंत्र कायदा करावा लागला. निपाणी भागांत तर तमाखू हेंच नगदी पीक. रास्त भावासाठीं तेथील शेतकऱ्यांनीं शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालीं पुणें–बंगळूर रस्ता अडविला, आणि एप्रिल १९८१ मध्यें गोळीबार होऊन त्यांत शेतकरी मृत्युमुखीं पडले. तेथील वखारींत तमाखूच्या धुरळ्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेवर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा बोलपट निघाला. तमाखू वाईट असें या लोकांस सांगणें सोपें. त्यावर ते काय विचारतील हेंहि सांगणाऱ्यास ठाऊक असतें.

आतां असद बेग व हकीम या दोघांपाशीं जें परीक्षेचें साधन नव्हतें, त्याच्याकडे वळूं. सोळाव्या शतकांत लिस्बन येथील फ्रेंच वकील झां निको यानें ही वनस्पति औषध म्हणून आपल्या दरबारीं पाठविली, त्याच्या नांवावरून तिच्या जातीस व पुढें तिच्यांतील विषास नांव मिळालें. सन १८२८ मध्यें हायडेलबर्ग येथें पोसेल्ट व रायमान यांनीं तें विष, म्हणजे निकोटीन, वेगळें काढलें. संवय जडते ती त्यामुळें. कर्करोगास मुख्यतः कारण होतात तीं पानांतील व धुरांतील इतर द्रव्यें. तळहातावर तमाखूंत चुना कां मळावयाचा, याचें कारणहि रसायनानें उलगडलें. चुन्याच्या क्षारतेनें निकोटीन मोकळें होतें, व तें तोंडाच्या कोंवळ्या त्वचेंतून झपाट्यानें रक्तांत शिरतें. मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्यें उघडलें, तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं मुखाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा १९४४ मध्यें प्रसिद्ध केला. सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांविषयींचा इंग्लंडांतील डॉल व हिल यांचा सुप्रसिद्ध निबंध १९५० चा, म्हणजे त्यानंतर सहा वर्षांनीं निघालेला. आमच्या मुखांत काय चाललें आहे हें आमच्याच शहरांत, आमच्याच वैद्यानें, इतक्या लवकर पाहिलें होतें.

कायदे मात्र जुन्या लोकदृष्टीच्याच पावलावर पाऊल टाकीत आले. सन १९७५ चा कायदा केवळ सिगारेटपुरता; इशारा छापावयाचा तो सिगारेटच्या पाकिटावर. चंची, विडी व तपकीर त्यांतून सुटलीं. सर्व तमाखूजन्य पदार्थ कायद्याच्या कक्षेंत आले ते २००३ सालीं. सार्वजनिक ठिकाणीं ओढण्याची बंदी २ ऑक्टोबर २००८ पासून कडक झाली, आणि गुटखा महाराष्ट्रांत बंद झाला तो २०१२ मध्यें, तोहि अन्नसुरक्षेच्या नियमान्वयें, कारण त्या नियमांत खाद्यपदार्थांत तमाखू व निकोटीन मिसळण्यास मनाई आहे. म्हणजे शेवटीं कायद्यानेंहि पानाकडे पाहिलें तें खाण्याची वस्तु म्हणूनच.

सन २०१९ मध्यें तर अकबराच्या दरबारांतील तो वाद जसाच्या तसा पुनः झाला. विजेवर चालणारी, जळत्या पानाऐवजीं निकोटीनची वाफ देणारी सिगारेट बाजारांत आली होती. एक पक्ष म्हणे, परदेशांतील शहाण्यांनीं ती सिगारेटहून कमी अपायकारक मानली आहे. दुसरा म्हणे, ही अपरीक्षित वस्तु आहे, तरुणांच्या हातीं देऊं नये. या वेळीं निर्णय हकिमाच्या बाजूनें झाला. प्रथम वटहुकूम व मग कायदा होऊन ती बंद झाली. हा निर्णय आम्हांस योग्य वाटतो. परंतु ज्या पानटपरीवर ही नवी नळी विकणें गुन्हा आहे, तेथेंच जर्द्याची पुडी उघडपणें टांगलेली असते, तेव्हां अपरीक्षित वस्तूविषयीं आपण दाखविलेली दक्षता चारशें वर्षें परीक्षा झालेल्या वस्तूविषयीं कां दाखवीत नाहीं, असा प्रश्न कोणी केल्यास त्याला उत्तर देणें कठीण आहे.

वर जें पानाच्या व धुराच्या भेदाविषयीं लिहिलें, त्याला घरगुती कागदपत्रांचा आधार मिळाल्यास तें पक्कें होईल. त्याकरितां एक विनंति आहे. ज्यांच्या घरीं जुन्या रोजकीर्दी, जमाखर्चाच्या वह्या, लग्नमुंजींचीं टांचणें अथवा वैद्यांचीं बाडें मोडी लिपींत पडून असतील, त्यांनीं त्यांत ‘तमाखू’ अथवा ‘तंबाखू’ हा शब्द कोठें येतो तें पाहावें. विशेषतः तो खर्च कोणत्या सदरीं टाकिला आहे, पानसुपारीच्या, औषधाच्या, कीं चाकरांस दिलेल्या जिनसांच्या, आणि कोणत्या शकापासून तो आढळतो, एवढें जरी उतरून मूळ पानाच्या छायाचित्रासह पाठविलें तरी पुरे. सदर बदललेलें दिसल्यास, म्हणजे आजोबांच्या वहींत औषधांत असलेली तमाखू नातवाच्या वहींत पानसुपारींत गेलेली आढळल्यास, दोन्ही पानें अवश्य पाठवावीं.